पाच पिल्लं, एक हिरवी पेटी आणि न वाढणारी चिंधी

कूर्मगती:
मागे दुसऱ्या एका धाग्यावर "सविस्तर नंतर लिहितो" म्हणून पळ काढला होता, तो हा धागा. अर्धा अनुभव आणि अर्धी अडचण आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा. अडचण तळाशी आहे.

माझ्याकडे हर्मन जातीच्या कासवांची पाच पिल्लं आहेत, पाचही एकाच वेळच्या अंड्यांतली. येऊन चौदा महिने झाले. आली तेव्हा एकेकाचं वजन ११ ते १३ ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. नावं बकासुर, सरदार, ठोंब्या, जोगीण आणि चिंधी. नावांवरून नर-मादी ठरवू नका. इतक्या लहान वयात ते कळत नाही, अजून काही वर्षं शेपटीकडे बघत बसायचं आहे.

पेटी लाकडी, १८० बाय ९० सेंटिमीटर. आतून जाड प्लास्टिकचं अस्तर आणि त्यावर १५ सेंटिमीटर मातीचा थर. खत न घातलेली माती दोन भाग, कोकोपीट एक भाग, थोडी वाळू. एका टोकाला तापायचा दिवा आणि त्याखाली सपाट दगड. दगडावर ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. रात्री दिवे बंद, १८ पर्यंत उतरलं तरी मी काळजी करत नाही. वर यूव्हीबीची (उन्हातले अतिनील किरण देणारी) टी५ नळी आहे, पण निम्म्या पेटीवरच, म्हणजे ज्याला नको त्याला सावलीत जाता येतं.

आता लागवड. पहिल्या खेपेला रोपं थेट मातीत लावली. दिसायला इतकी छान की घरातले पेटीपाशी चहा प्यायला बसायचे. नवव्या दिवशी खुंट उरले. खाल्लं कमी, तुडवलं जास्त. कासवाचं पिल्लू वाट वळसा घालून काढत नाही, ते सरळ रोपातून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच जातं, तिसऱ्या दिवशी तिथे रस्ता असतो.

दुसऱ्या खेपेला रोपं कुंडीसकट मातीत पुरली आणि बुंध्याभोवती मुठीएवढे गोटे रचले. कुंड्यांचे दोन संच केले. एक पेटीत, दुसरा खिडकीत विश्रांतीला. तीन आठवड्यांनी अदलाबदल. हे जमलं. आत्ता पेटीत प्लॅन्टॅगो (इसबगोलाच्या कुळातलं रुंद पानाचं तण), डँडेलियन, क्लोव्हर, सेडम, स्पायडर प्लांट, मधोमध एक जास्वंद आणि काटे काढलेला ओपन्शिया निवडुंग आहे.

आता अडचण. रविवारची वजनं: बकासुर ७८ ग्रॅम, सरदार ७४, जोगीण ६६, ठोंब्या ६२. आणि चिंधी ३४. अन्न एकच, दिवा एकच, पाणी एकच. हातात घेऊन पान दिलं तर चिंधी अधाशासारखी खाते. मग पेटीत काय बिघडतं?

खवचट:
आधी नको तो प्रश्न. कागद आहेत ना? जमिनीवरच्या कासवांच्या झाडून सगळ्या जाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, आणि तारा कासव तर २०१९ पासून थेट पहिल्या परिशिष्टात आहे. हा धागा वाचून उद्या कोणी "रानात सापडलं, पाळलं" म्हणत येईल, म्हणून विचारलं.

कूर्मगती:
आहेत. पैदास करणाऱ्याकडून घेतलीत, पाचही कागदांसकट. रानातलं कासव रानातच राहू द्यावं, यावर इथे दुमत नसावं.

पानोपानी:
कुंड्यांच्या अदलाबदलीला शंभर गुण. पण रोपवाटिकेतून आणलेलं रोप तुम्ही थेट पेटीत ठेवता का? त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, आणि काही औषधं मुळातून शोषली जाऊन पानापानांत जातात. ती धुऊन जात नाहीत. माझी पद्धत अशी: मुळांची माती झाडून टाकायची, रोप साध्या मातीत लावायचं आणि निदान दोन-तीन महिने वाढू द्यायचं. जुनी पानं खुडून फेकायची आणि नवी फूट आली की मगच पेटीत.

दुसरं, त्या विकतच्या मातीत पांढरे हलके दाणे असतात, परलाइट. कासवाच्या पिल्लाला पांढरं काही दिसलं की ते चावून बघतंच. एकेक दाणा वेचून काढा.

काय लावू नये तेही सांगून ठेवते, कारण घरातली शोभेची रोपं उचलून पेटीत घालणारे लोक मी पाहिलेत. मनी प्लांट, डिफेनबाखिया आणि फिलोडेंड्रॉन यांच्या पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, तोंड सुजतं. कण्हेर तर लांबूनही नको, ते हृदयावर जाणारं विष आहे. घाणेरी आणि पानफुटीही नको. शंका आली तर लावू नका, खाण्यायोग्य रोपं काही कमी नाहीत.

कूर्मगती:
परलाइट! हो, होतं. काल अर्धा तास चिमटा घेऊन बसलो होतो. जास्वंद आठ महिन्यांपासून माझ्याकडे आहे, ती निर्धोक आहे. स्पायडर प्लांट मात्र तुमचं वाचून बाहेर काढला.

मातीकाम:
मला मूळ मांडणीच पटलेली नाही. हर्मन हे भूमध्य सागराकाठच्या झुडपी, कोरड्या मुलखातलं कासव. त्याला तुम्ही १५ सेंटिमीटर ओल्या चिखलात ठेवलंय. ओलीने पोटाचं कवच सडतं, छाती भरते. मी सुक्या पेटीत, वर्तमानपत्रावर तीन वाढवली आहेत. खणखणीत आहेत.

खवचट:
पाठ कशी आहे तिघांची? गुळगुळीत का डोंगररांगा?

मातीकाम:
थोडे उंचवटे आहेत. ते जास्त प्रथिनांमुळे होतात, सगळ्यांना माहीत आहे.

थर्मामीटर:
पशुवैद्य आहे, म्हणून लिहितो. प्रथिनांचा हा समज मीही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. २००३ साली व्हिएन्नातल्या दोन संशोधकांनी सुल्काटा जातीची ५० पिल्लं पाच गटांत वाढवून बघितली, हवेतली आर्द्रता आणि अन्नातली प्रथिनं बदलून. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी जास्त उंचवट्यांच्या झाल्या. ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेतल्या पिल्लांच्या कमी. प्रथिनांचा परिणाम होता, पण किरकोळ. सुल्काटा सहाराच्या कडेचं जनावर, हर्मनपेक्षा कोरड्या मुलखातलं. मुलूख कोरडा असला तरी पिल्लू उघड्यावर राहत नाही. ते गवताच्या बुंध्याशी, पाचोळ्याखाली, मातीत अर्धं रुतून बसतं, आणि तिथली हवा ओलसर असते. आपण मुलखाचं हवामान बघून पेटी करतो आणि पिल्लू राहतं ती वितभर जागा विसरतो.

मातीकाम यांचा धोक्याचा मुद्दा मात्र खरा आहे, फक्त त्यात एक शब्द राहिला: गार. गार आणि ओलं हे एकत्र आलं की नाक वाहतं, तोंडाशी बुडबुडे येतात, कवच सडतं. ऊबदार आणि ओलसर चालतं. पाणी वरून फवारण्यापेक्षा कोपऱ्यांतून ओता, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा बोटभर थर सुका. पोट सुक्यावर, खणलं की ओल.

मातीकाम:
वितभर जागेचा मुद्दा मान्य. मोठ्या कासवांना मी सुकंच ठेवणार, पण पिल्लांबाबत पुन्हा विचार करतो.

थर्मामीटर:
आता चिंधी. आधी विष्ठा तपासून घ्या, जंतांचा भार असेल तर बाकी सगळे तर्क वाया. लघवीसोबत येणारा पांढरा भाग बघा. दह्यासारखा मऊ असेल तर ठीक, खडूच्या भुकटीसारखा किंवा वाळूसारखा असेल तर पाणी कमी पडतंय. रोज कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवत असालच. पाणी हनुवटीच्या खाली ठेवा. वजन नेहमी पाण्याआधी करा. पिल्लू पाण्यात पिऊन घेतं आणि लगेच काटा दोन-तीन ग्रॅम जास्त दाखवतो, माणूस उगाच खूश होतो.

नवशिका:
मध्येच विचारतो. जॅक्सन गुणोत्तर म्हणून एक तक्ता मिळाला, लांबी आणि वजन टाकलं की कासव निरोगी आहे का ते कळतं. चिंधीचं काढून बघा ना?

थर्मामीटर:
नको. तो तक्ता ऑलिफंट जॅक्सन यांनी १९८० च्या सुमारास हर्मन आणि ग्रीक या दोनच जातींच्या मोठ्या कासवांसाठी मांडला. पिल्लांना तो लागू नाही. पिल्लाचं वजन त्याच्याच मागच्या आठवड्याच्या वजनाशी ताडून बघायचं.

रातराणी:
कूर्मगती, तुम्ही पेटीपाशी नसताना काय होतं ते कधी बघितलंय का? कासवांची दादागिरी कुत्र्यांसारखी दिसत नाही. गुरगुरणं नाही, रक्त नाही. एक पिल्लू दुसऱ्याच्या मागे मागे चालतं. त्याच्या वाटेत आडवं बसतं. तापायच्या दगडावर त्याच्या अंगावर चढून बसतं, आणि आपण फोटो काढतो, "बघा किती माया". ज्याच्या अंगावर चढलंय ते हळूच उठून निघून जातं आणि दिवसभर मातीत पुरून घेतं. पुरून घेतलेलं पिल्लू खात नाही, तापत नाही, यूव्हीबी घेत नाही, मग वाढणार कसं?

मोबाइल लावून ठेवा सकाळी दिवे लागल्यापासून.

कूर्मगती:
तुमचं वाचलं तेव्हा मनात म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही. असा एकावर एक बसलेला फोटो माझ्या मोबाइलच्या पडद्यावर वर्षभर आहे.

काल सहा तास चित्रण केलं आणि रात्री पळवत बघितलं. चिंधी सव्वानऊला दगडावर आली. अकराव्या मिनिटाला सरदार आला आणि शांतपणे तिच्या पाठीवर पाय देऊन बसला. ती उतरून जास्वंदीखाली गेली. हा तिथे गेला. ती निवडुंगामागे गेली, हा तिथेही. चावणं नाही, ढकलणं नाही, फक्त मागे जाणं. पावणेअकराला तिने कोपऱ्यात पुरून घेतलं, ती चित्रण संपेपर्यंत वर आलीच नाही. चौदा महिने मी ह्या पिल्लाला "आळशी" म्हणत होतो.

विष्ठेचा अहवाल स्वच्छ आला. पांढरा भाग मऊ आहे.

एक गोष्ट कळत नाही. एवढी झाडं असताना ती लपू का शकत नाही? आडोसा व्हावा म्हणूनच तर लागवड केली होती.

रातराणी:
मोबाइल मातीला टेकवून, कासवाच्या डोळ्याच्या उंचीवरून एक फोटो काढा आणि इथे टाका.

कूर्मगती:
टाकला आहे. बोलती बंद. वरून बघितलं तर जंगल. तीन सेंटिमीटर उंचीवरून बघितलं तर नुसते खांब उभे असलेलं मोकळं मैदान. जास्वंदीची खालची पानं केव्हाच फस्त झालीत, प्लॅन्टॅगोचे फक्त देठ उरलेत. पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसतंय. त्यात चिंधी कुठे आहे हे सरदारला एका जागी बसून कळतं.

पानोपानी:
अगदी! आपण माणसाच्या नजरेसाठी लावतो. जमिनीलगत दाट काय राहतं याचा विचार करा. गवताचे ठोंब हवेत, रुंद पानांची रोपं नकोत. कोणतंही बारीक पात्याचं कुरणगवत कुंडीत दाट पेरा आणि त्या कुंड्या एका रांगेत लावू नका, आडव्या-तिडव्या ठेवा, म्हणजे कुठूनही हातभरापलीकडचं दिसत नाही. ते गवत खातील, पण बुंधा राहतो. मध्ये मध्ये लाकडाच्या सालीचे अर्धगोल पालथे घाला, दोन्ही बाजूंनी उघडे. एकाच तोंडाची गुहा नको, आत कोंडून धरलं जातं.

रातराणी:
तापायच्या जागाही दोन करा, एकमेकींना न दिसणाऱ्या. अन्न एका पाटीवर नको, पाच-सहा ठिकाणी विखरून ठेवा. पण खरं सांगू का, काही पिल्लांचा स्वभावच तसा असतो, तिथे आडोसा पुरत नाही. दुसरी पेटी तयार ठेवा.

नवशिका:
हे सगळं वाचून ठरवलं, पाच नको. दोनच घेतो, एकमेकांना सोबत होईल.

खवचट:
दोन म्हणजे एक सरदार आणि एक चिंधी, आणि चिंधीवरून लक्ष हटवायला तिसरं कोणी नाही. कासवाला सोबत लागते ही माणसाची समजूत आहे. घ्यायचं तर एक घ्या.

थर्मामीटर:
सहमत. आणि दोन वेगवेगळ्या जाती तर मुळीच एकत्र नको. एका जातीला न बाधणारे मायकोप्लाझ्माचे जिवाणू किंवा हर्पीसचे विषाणू दुसऱ्या जातीचा जीव घेऊ शकतात. नवं आलेलं पिल्लू त्याच जातीचं असलं तरी निदान सहा महिने वेगळं.

नवशिका:
एकच घेतो. ते खिडकीत ठेवलं तर यूव्हीबीची नळी वाचेल ना? ऊन चांगलं येतं.

थर्मामीटर:
काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. काचेतून आत येतं ते ऊब आणि उजेड. यूव्हीबीशिवाय ड३ नाही, ड३शिवाय कॅल्शियम पचत नाही, आणि मग तुम्ही कितीही समुद्रफेस ठेवा, कवच मऊच राहणार. शिवाय बंद काचेच्या पेटीवर ऊन आलं की आत भट्टी होते.

नळीबद्दल दोन गोष्टी. ती दिसायला पेटलेली असली तरी तिचा यूव्हीबी वर्षभरात बराच उतरतो, मीटर नसेल तर बारा महिन्यांनी बदला. मीटर असेल तर तापायच्या दगडावर पाठीच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक ३ ते ४ मिळायला हवा आणि सावलीत शून्याजवळ. मध्ये बारीक जाळी असली तरी आकडा पडतो.

खवचट:
एक भर माझ्या मूर्खपणाची. तापायचा दगड मी जरा उंच ठेवला होता, "डोंगर" म्हणून. एक पिल्लू त्यावरून उलथलं आणि दिव्याखाली पाठीवर पडून राहिलं. मी वेळेत आलो म्हणून वाचलं, पाय हलवायचंही थांबलं होतं. दिव्याखालची जागा सपाट ठेवा. उलथलेल्या पिल्लाला मातीत पाय रोवायला काही मिळालं तरच सरळ होता येतं.

कूर्मगती:
सहा आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

गवताच्या अकरा कुंड्या, सालीचे चार अर्धगोल, दोन तापायच्या जागा. पहिले दोन आठवडे चिंधी वर दिसायला लागली. मग सरदारला नव्या वाटा कळल्या. वजन ३४ वरून ३५ वर अडकलं. शेवटी तिला वेगळ्या पेटीत हलवलं, माती तीच, नळी तशीच. चार आठवड्यांत ४३ ग्रॅम. पाठीवरच्या चौकटींमध्ये पांढरी रेघ दिसतेय, म्हणजे कवच वाढतंय. मी खुशीत.

ही खुशी चार दिवस टिकली. आता सरदार जोगिणीच्या मागे लागलाय. तिचं वजन दोन आठवडे ७१ वर ठाम.

रातराणी:
चुकीचं पिल्लू बाहेर काढलंत. चिंधी वाढली हे बरंच झालं, पण गटातून जायला हवा तो सरदार.

मातीकाम:
हेच लिहायला आलो होतो. आणि एक कबुली. माझ्याकडच्या नव्या पिल्लाला माती दिली आहे, तळाला ओल. पहिल्याच रात्री ते पुरून झोपलं. वर्तमानपत्रावरची बिचारी तीन वर्षं कोपऱ्यात डोकं खुपसून झोपायची, मला वाटायचं सवय आहे.

कूर्मगती:
केलं. सरदार एकटा, चिंधी परत चौघांत. आज तीन आठवडे झाले. चिंधी ५१, जोगीण ७७. काल चिंधी आणि ठोंब्या एकाच दगडावर बसले होते, वीतभर अंतर ठेवून. सरदार एकटा मजेत आहे. खातो, तापतो, भिंतीवर डोकं घासत नाही, त्याला कोणाची आठवण येत असल्याची काही खूण नाही.

एक शंका पानोपानींना. गवत नवव्या-दहाव्या दिवशी मुळापर्यंत कुरतडलं जातंय. पेरून पुरवठा कसा टिकवायचा?

पानोपानी:
कुंड्या तीन संचांत करा, दोन पुरणार नाहीत. एक पेटीत, एक कमरेएवढ्या वाढीचा, म्हणजे कासवाच्या कमरेएवढ्या, आणि एक नुकता पेरलेला. बी पेरल्यावर वर बारीक जाळीचा तुकडा मातीलगत बांधा. पाती जाळीतून वर येतात, ते वरचं खातात, मूळ उपटलं जात नाही. जाळीचे डोळे इतके बारीक ठेवा की पिल्लाचं नख अडकणार नाही.

कूर्मगती:
आजच बांधतो. बकासुर आत्ता शेवटच्या ठोंबाशी पोचलाय.